मी आवरलेल्या वायरी

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते रंगीत ठोकळे पाहिले, एकमेकांना जोडले की दिवा लागणारे, आणि मला कामतघरच्या आपल्या जुन्या घरातली एक सकाळ आठवली.

तुमची आई, माझी लेक, तेव्हा नववीत होती. मामाने दिलेल्या तिच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या संचात छोट्या स्प्रिंगा होत्या. त्यांत वायरी खोचल्या की सर्किट तयार. इंग्रजी पुस्तिका मीच तिला समजावून द्यायची. धागा तुटला की वाजणारी घंटी तिने आठवडाभर खपून जोडली होती. ती वाजली, तर तिचे काका आपल्या कापडाच्या कारखान्यातल्या एका लूमवर, म्हणजे मागावर, लावून पाहू देणार होते.

रविवारी ते येणार म्हणून मी टेबल आवरलं. सगळ्या वायरी उपटल्या आणि रंगांप्रमाणे डब्यात लावल्या.

“कुठाय तुझी घंटी?” काका दारातूनच म्हणाले. “लवकर दाखव, टाइम न्हाय.”

तिने रिकामं टेबल पाहिलं, मग मला.

“पसारा होता, म्हणून आवरला,” मी म्हणाले.

ती पुन्हा जोडू लागली. मी लाल वायर पुढे केली.

“हात लावू नकोस.”

“असलं खेळणं लूमवर लावू होय?” म्हणत काका चहा संपवून गेले.

तासाभराने तिने धागा कापला. घंटी कर्कश वाजू लागली.

“बंद कर,” मी म्हणाले.

“पसारा होता ना? आता ऐक.”

तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. आज वाटतं, ती फार कमी बोलली. मी तिची माफी मागायला हवी होती. मी तिला जेवायला बस म्हणाले. ती बसली नाही.