तळणाविना दिवाळी

गणिताचा शिक्षक असल्यामुळे मी दिवसाचे भाग पाडतो. पहाट लिहिण्याची, संध्याकाळ वह्या तपासण्याची, जेवणानंतरचा वेळ वाचनाचा. घरात कोणी आजारी पडलं किंवा परीक्षा आल्या की सर्वांत आधी कापला जातो तो पहाटेचा भाग. तरी वर्षाला एक कथा व्हायचीच. पुण्याच्या एका लहानशा दिवाळी अंकात ती छापून यायची.

त्या कथेला टाकव्यात हक्काचा वाचक होता, माझा थोरला भाऊ. मी शिकून लोणावळ्याला नोकरीला लागलो, तो गावी भातशेती करत राहिला. अंक नेमका फराळाच्या दिवसांत यायचा. वहिनी चकल्या तळायला बसल्या की तो चुलीशेजारी पाट घेऊन कथा मोठ्याने वाचायचा. चकल्या उलटायची वेळ झाली की वहिनी झारा वर करायच्या, मग तो थांबायचा. शेवटी म्हणायचा, “बरं हाय, मास्तर. पर तुजी मान्सं बोलत्यात लय कमी.”

या वर्षी उन्हाळ्यात तो गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही.

गणपतीत संपादकांचा फोन आला. मी सांगितलं, यंदा कथा नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत. घरात तळण होत नाही, कंदील लागत नाही. दिवाळीच नाही तर दिवाळीची कथा कुठली, असं मी धरून चाललो. खरं म्हणजे पहाटे उठून बसत होतो, पण पहिल्या परिच्छेदापुढे जाता येत नव्हतं. वाक्य जुळलं की ते भावाच्या आवाजात ऐकू यायचं आणि हात थांबायचा.

पुढच्या रविवारी लोकलने कान्ह्याला उतरून टाकव्याला गेलो. वहिनी पडवीत घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. मी टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, “गोष्ट कुटवर आली?”

“यंदा देत नाही, वहिनी. आपल्याकडे सण नाही ना.”

“तुमचं लिवणं म्हंजे काय तळण हाय व्हय, भावजी?”

“तसं नाही. पण लोक काय म्हणतील?”

“लोकं चकल्या आणून देत्याल. भायेरून आलेलं चालतंया आपल्याला. तुमची गोष्ट पुण्यावरनं छापून येती, म्हंजे भायेरचीच की.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

“ह्येंच्यामागं त्येवडीच एक गोष्ट ऱ्हायलीया दिवाळीची,” त्या म्हणाल्या. “मला वाचता येत न्हाई, म्हून मी तुमच्या मोजणीत न्हाई व्हय?”

इतकी वर्षं मी टाकव्यातला वाचक एकच धरत होतो.

परतल्यावर संपादकांकडून थोडी मुदत मागून घेतली. सहामाहीच्या पेपरांची कामं डोक्यावर होती, म्हणून रात्रीचं वाचन बंद केलं आणि तो वेळही लिहिण्याला दिला. भावाचा आवाज ऐकू येतच राहिला. फरक इतकाच, की आता त्या आवाजासमोर झारा घेऊन कोणीतरी बसलेलं मला दिसत होतं. कथा त्याच्याविषयी नव्हती. पण तिच्यातली माणसं नेहमीपेक्षा जास्त बोलली.

दिवाळीच्या आधी अंक घेऊन टाकव्याला गेलो. खाचरांत भात पिवळं पडलं होतं. शेजारच्या घरी तळण चाललं होतं, त्याचा वास आमच्या पडवीत येत होता. आमची चूल विझलेली होती, तरी वहिनी आपल्या नेहमीच्या जागी तिच्यासमोर बसल्या. भावाचा पाट त्यांनीच काढून ठेवला होता.

मी वाचायला लागलो. एकदाचं संपवावं, म्हणून भरभर वाचत होतो. दुसऱ्या पानावर वहिनींनी हात वर केला. हातात काही नव्हतं. मी थांबलो.

“सावकाश वाचा, भावजी,” त्या म्हणाल्या. “कढईत काय जळतंय का?”

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.