वाघाच्या पोटातला कागद

चहा आधी संपवून घ्या, बापा. हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, अन् तो हासून राह्यला का रडून राह्यला, हे आमाले आजपर्यंत समजलं नाई. माह्या हातून जे झालं ते गाढवाच्याही हातून झालं नसतं. गाढवाले कैची धरता येत नाई ना!

मी सिंदेवाहीकडच्या एका जंगलातल्या गावी मास्तर आहे. चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, एक मी, एक मोठ्या बाई. मी यायच्या आधी, मोहफुलं वेचायच्या दिवसात, गावाजवळून वाघानं एका बाईले नेलं होतं. कोनाच्या घरची, हे मी विचारलंच नाई. पोट्टे शाळेत यायचे तं पुढंमागं काठीवाले बाप चालायचे. वर्गात कोनाचं दप्तर धाडकन पडलं का अर्धी तिसरी बाकाखाली.

मोठ्या बाई म्हनल्या, "सर, पोट्ट्याइची भीती मोडा. वाघाचं नाटक बसवा."

"अन् वाघ कोन?"

बाई नुसत्या माह्याकडं पाहून राह्यल्या. शाळेत मोठी मानसं दोनच, त्यातल्या एक बाई सोताच.

"वरून व्याकरन बाकी आहे. कोलाज बी बाकी आहे," बाई म्हनल्या.

मी म्हनलं, तिन्ही एकातच उरकू! असा हुशार मी. दोन बारदाने जोडून वाघाचं कातडं शिवलं. पोट्ट्याइले सांगितलं, घरून जुने कागद आना. पेपर, लग्नपत्रिका, बिस्किटाचे पुडे, काहीही. शब्द कापा. नामं वाघाच्या मुंडक्यावर, क्रियापदं पायावर, विशेषनं पाठीवर, अन् फोटो-चित्रं पोटाखाली. बाकी उरलंसुरलं कुठीही. अन् जो सगळ्यात जुना कागद आनन, त्याले नाटकात शेपटी धरायले भेटन!

हे शेवटचं बोललो नसतो तं आज सुखात असतो.

तिसरीतली सगुना प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला कागद घेऊन आली. जाड, पिवळा, वर शिक्के, कोपऱ्यात बुढा-बुढीचा फोटो. "सर, आबाच्या पेटीतला हाये."

वाचला का मी? कायले वाचन! मास्तर लोक वाचत नाईत, तपासतात. "शाबास! हे पाहा पोट्टेहो, विशेषनाम!" म्हनून पहिलं नाव मीच कापलं. कचकन. मंग बाकीच्याइनं झडप घातली. धा मिनिटात कागदाचा फडशा.

शनिवारी नाटक. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हनलं का मानूस मयतीवरून उठून येते. सारं गाव जमलं. मी बारदाना पांघरून रांगत आलो, डरकाळी फोडली. पोट्टे थाळ्या वाजवत माह्यावर धावले. भीती खरंच मोडून राह्यली होती, बरं का!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सगुनाचा आबा उठला. काठी टेकत सरळ माह्यापाशी आला. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. मले वाटलं, बुढ्यानं मनानंच पार्ट घेतला. मी त्याच्या तोंडावर आखीन एक डरकाळी फोडली.

आबानं काठी खाली ठेवली. बसला. माह्या पोटाखाली वाकून पाह्यलं.

"गुरुजी."

"आबा, नाटक चालू आहे," मी बारदान्यातून कुजबुजलो.

"चालू द्या. पन माही बुढी तुमच्या पोटात हाये."

टाळ्या थांबल्या. सगुनानं शेपटी सोडली.

"एक खेप वाघानं नेली," आबा म्हनला. "आता मास्तरानं. तिचा दुसरा फोटो नाई, गुरुजी."

आता मले सांगा, चार पायावर असलेल्या मानसानं अशा टायमाले कुठी पाहावं?

मंग समजलं, तो कागद वनहक्काचा होता. आबाच्या जमिनीचा. सोमवारी मोजनी, अन् हापिसातली फाइल सापडून नाई राह्यली. मूळ कागद दाखवला तं जमीन आबाची, नाई तं परत जंगलात.

आम्ही कागद सोडवायले बसलो. मैद्याची खळ अशी बसली होती का बारदान्याचे धागे निघत, कागद निघत नव्हता. फोटोले हात लावला तं आबानं माहा हात धरला. "नका ओढू. ओढाओढीतच गेली ती."

म्हनून सोमवारी सारा वाघ शेतात नेला.

मोजनीचे साहेब म्हनले, "कागद?"

आबानं माह्याकडं बोट केलं.

बारदाना खाली आंथरला तं एकच बाजू दिसे. शेवटी उन्हात, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मी पुन्हा चार पायावर.

"पूर्वेची हद्द कुठी आहे?"

"डाव्या कानामागं, साहेब," सगुनानं शोधून सांगितलं.

"उत्तर?"

"बगलेत."

"हात वर करा."

"वाघाले हात नसते, साहेब," सगुना बोलली.

साहेब हासले नाईत. एकदाही नाई. माह्याभोवती फिरून त्याइनं एकेक शब्द उतरवला, शिक्का पाह्यला, मंग पोटाखाली वाकले. "ह्या कोन?"

"माही बुढी."

"कुठी आहेत?"

आबानं जंगलाकडं पाह्यलं. "तिकडंच."

साहेबानं पेन खिशात टाकला. मी तसाच चार पायावर उभा राह्यलो. वाघ होतो.

मोजनी झाली. हद्दीचे दगड गाडले. आबानं बारदान्याची घडी घातली, फोटो वर ठेवून.

"कापून देतो ना फोटो, आबा."

"कैची नका उचलू, गुरुजी. असाच नेतो. खरा वाघ तं मले सापडला नाई, हा तं सापडला."

पंचनाम्यावर साक्षीदार म्हनून मलेच बोलावलं. गुडघे सोललेले, डोळ्यात धूळ.

"नाव?" सांगितलं.

"धंदा?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलला, "वाघ."

अन् साहेबानं लिहून टाकलं!

"अहो साहेब, मी शिक्षक आहे!"

साहेबानं पेन थांबवला. बारदान्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. "सरकारी कागद कैचीनं कापनारा शिक्षक, असं लिहू? का वाघ राहू देऊ?"

मी म्हनलं, "राहू द्या. वाघच राहू द्या."