वरच्या मजल्यावरचं टेबल

बाबा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. ते निवृत्त झाले तेव्हा मी ठरवलं, त्यांना एकदा चांगल्या ठिकाणी जेवायला न्यायचं. निगडीला प्राधिकरणात एका बंगल्यात नवं रेस्टॉरंट निघालं होतं. युरोपातले पदार्थ, पण आपल्या मसाल्यांत. आई म्हणाली, "मला नकोत ते नखरे, तुम्ही दोघं जा." म्हणून रविवारी दुपारी थेरगावहून आम्ही दोघंच स्कूटरवर निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मी दुसरीत असताना ती मशीनमध्ये गेली. घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. उरलेल्या बोटांनी ते भाकरी मोडतात, सही करतात, लहानपणी माझ्या वेण्यासुद्धा घालायचे.

आम्ही लॅम्ब चॉप्स मागवले. हाडासकट मटण, खाली कुस्करलेला बटाटा, कडेला कोकमाचं सॉस. बाबांनी सुरी धरून पाहिली. ती दोनदा निसटली, दुसऱ्यांदा फरशीवर खणखणली.

"बाबा, मी कापून देते," मी हळूच म्हणाले.

"मी काय लहान हाय का?" म्हणाले, आणि हाड सरळ हातात घेऊन खायला लागले.

मी आजूबाजूला पाहिलं. का पाहिलं, याचा राग मला अजून येतो.

शेजारच्या टेबलावर एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. मुलगी बाबांच्या हाताकडे टक लावून बघत होती. बाईने तिचं तोंड दुसरीकडे वळवलं, मॅनेजरला बोलावलं आणि काहीतरी कुजबुजली. तो हसतमुखाने आमच्याकडे आला.

"सर, वरच्या मजल्यावर छान टेबल आहे. तिथे तुम्ही जास्त कम्फर्टेबल असाल."

"इथं बरंय की," बाबा म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, म्हणजे... हाताने खाताना बघून काही गेस्टना जरा..."

त्याचं वाक्य संपायच्या आत बाबा उठले होते. डाव्या हातात प्लेट, उजवा हात खिशात. तो हात त्यांनी कधी लपवलेला मी पाहिला नव्हता.

"बसा बाबा. आपण कुठेही जायचं नाही. ज्यांना त्रास होतोय त्यांना पाठवा वर!"

"मॅडम, प्लीज, आवाज..."

"तुमच्या पार्किंगमध्ये गाड्या उभ्या आहेत ना? असल्या गाड्यांचे पत्रे याच हाताने दाबलेत त्यांनी आयुष्यभर!"

सगळे बघत होते. बाबा ओरडले, पण माझ्यावर. "बास! तमाशा कशाला करायलीस? चल घरी." मग मॅनेजरला हळू आवाजात म्हणाले, "सॉरी बरं का, साहेब."

त्या सॉरीने माझ्या अंगाची लाही लाही झाली. डांगे चौकात सिग्नलला बाबा म्हणाले, "मटण चांगलं होतं पण." मला स्कूटर तिथेच टाकून किंचाळावंसं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी एकटी तिथे गेले. तेच चॉप्स मागवले. बाह्या सारल्या, हाताने खाल्लं, हाडं चोखली, बोटं चाटली, मुद्दाम आवाज करत. कुणी मान वर करून पाहिलं नाही. शेवटी मॅनेजर आला. आता बोलेल, म्हणून मी तयारीत होते.

"कसे वाटले चॉप्स, मॅडम? खरं सांगू, ते हातानेच खायची मजा! पहिल्यांदाच आलात का?"

त्याने मला ओळखलंही नव्हतं.

"गेल्या रविवारी माझ्या वडिलांना तुम्ही वर पाठवत होतात," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला.

"सॉरी मॅडम, काहीतरी गैरसमज झाला असेल..."

"गैरसमज कसला? हाताने खाण्याची अडचण नव्हतीच. दोन बोटं नव्हती, ती अडचण होती."

तो म्हणाला, डेझर्ट आमच्याकडून घ्या. मी हातही न धुता बाहेर पडले.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. परवा पिंपळे गुरवला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत बाबांनी चमचा मागून घेतला. डाव्या हाताने चमच्याने वरणभात खात होते, उजवा हात मांडीवर, रुमालाखाली. शेजारचे काका त्यांना काहीतरी विनोद सांगत होते आणि बाबा हसत होते.