बँकेकडून आलेलं स्थळ

कुणालाही, कशासाठीही 'बरं, ठीक आहे' असं एकदाही न म्हणता पंचवीस वर्षं काढलेली एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि ती माझी मावसबहीण आहे. नव्वदीच्या दशकात नोकरीसाठी रहिमतपूरहून ती सांगलीला आमच्या घरी राहायला आली, तेव्हा मी कॉलेजात होतो. एका एक्स-रेच्या दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचं काम तिला मिळालं होतं. पगार बेताचा, रुबाब सेनापतीचा. रिक्षावाल्याने 'वहिनी' म्हटलं म्हणून ताई भर उन्हात अर्ध्या रस्त्यात उतरून घरापर्यंत चालत आली होती. छापील फॉर्म हाती आला की मात्र तिची कळी खुलायची. दोन कोरे फॉर्म जास्तीचे मागून घेऊन ती ते आपल्या ट्रंकेत जपून ठेवायची. 'वडील किंवा पती यांचे नाव' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहायची, 'संबंध नाही'. दवाखान्यातल्या कारकुनाने बिचकत विचारलं, "अहो, वडील आहेत ना?" तर म्हणाली, "आहेत की, उत्तम आहेत. पण फिल्म धुवायला ते येणार नाहीत."

अशा ताईला मोपेड घ्यायची लहर आली आणि ती हप्त्यांची चौकशी करायला एका पतसंस्थेत गेली. सचिवांनी दोन जामीनदार मागितले. "का? मी पळून जाणार आहे का?" ताईने विचारलं. "तुमी कशाला पळून जाताय, ताई," सचिव मोठ्या मायेने म्हणाले, "तुमी लगीन करून जाल की!" त्यावर सगळी पतसंस्था खदखदून हसली. ताई घरी येऊन न जेवता बसून राहिली, आणि सकाळी तिने जाहीर केलं की आपण क्रेडिट कार्ड काढणार. आमच्या वडिलांनी ते तोवर फक्त जाहिरातीत पाहिलं होतं. "अगं, सांगलीत ते चालणारी दुकानं तरी किती?" त्यांनी विचारलं. "एकही नसू दे," ताई म्हणाली. "जामीनदाराशिवाय माझ्यावर विश्वास ठेवला, असं कुणीतरी मला लिहून द्यायला हवं. प्लास्टिकवर दिलं तरी चालेल."

बँकेत कळलं की पगार नियमात बसत नाही. दुसरं कुणी असतं तर गप्प घरी आलं असतं. ताईने एका फोटो स्टुडिओत फोटो धुवायचं आणखी एक काम धरलं आणि सहा महिने रविवार पाहिला नाही. मग दोन्हीकडचे पगाराचे दाखले तिने साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांना फॉर्म घ्यावाच लागला. "आमचा माणूस घरी चौकशीला येईल," ते म्हणाले.

माणूस आला तेव्हा आमच्या घराला कुलूप होतं आणि शेजारच्या काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. काकू मूळच्या माण तालुक्यातल्या, यजमान फौजेतून निवृत्त झालेले, आणि ताईवर त्यांचा फार जीव. इस्त्रीचा शर्ट घातलेला, काखेत फाईल मारलेला एक तरणाबांड पोरगा येतो काय, मुलगी इथेच राहते का, वय काय, पगार किती, स्वभाव कसा, असं विचारतो काय! काकू काय समजायचं ते समजल्या. त्यांनी त्याला आत बसवून पोहे केले आणि स्थळापुढे जे सांगायचं असतं ते सगळं सांगितलं. आम्ही परतलो तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"पोरगा लय झ्याक हाय! म्या सांगितलं, पोरीला आत्ताशी इकिसावं लागलंय. नोकरीचं म्हनाल तर हौस म्हनून जाती, लगीन ठरलं की दुसऱ्या दिवशी सोडंल. पर त्याला एक खोड हाय बगा. पोहे खाता खाता सारखा लिवत हुता."

आठवड्याने नकाराचं पत्र आलं. वय आणि नोकरी यांबाबत माहितीत तफावत. ताईने ते दोनदा वाचलं आणि तडक शेजारी गेली. आता काकूंची धडगत नाही म्हणून मी मागे धावलो. ताई दारातूनच म्हणाली, "काकू, चपला घाला. बँकेत जायचंय."

साहेबांच्या टेबलासमोर काकू पदर चाचपत उभ्या राहिल्या. "सायेब, म्या खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं सोयरीक आलीया. पोरगी सव्वीसची हाय. आन नोकरी ती न्हाई सोडायची. लगीन झालं तरी न्हाई, मोडलं तरी न्हाई." आसपासची टाइपरायटरं थांबली. साहेब म्हणाले, "पण याची हमी कोण देणार?" काकूंनी तोंड उघडलं तोच ताई कडाडली, "काकू, हमी द्यायची नाही! फक्त खरं सांगायचं!" साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि फाईल पुन्हा उघडली.

महिन्याभराने कार्ड आलं. काकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ह्येच्यावर तुजंच नाव? बाचं न्हाई, कुनाचं न्हाई?"

"माझंच."

"मला देत्याल का गं असलं?"

आम्ही सगळे हसलो. मी तर पोट धरून हसलो. ताई हसली नाही. तिने ट्रंकेतला कोरा फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि काकूंसमोर मांडी घालून बसली. तो फॉर्म बँकेने पुढे घेतला नाही, हे सांगायला नकोच. पण तेव्हा ताईने अगदी बँकेच्या आवाजात विचारलं, "पूर्ण नाव?" काकूंनी यजमानांचं नाव सांगितलं. "त्यांचं नव्हे. तुमचं."

सात वर्षं आमची भिंतीला भिंत होती, आणि त्यांचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. काकूंनी ते सांगितलं, पण इतक्या हळू की ताईला पुन्हा विचारावं लागलं. मी त्याआधी हसलो होतो, याची मला अजून लाज वाटते.