धुळीसाठी घातलेला कोट

त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, पण कोर्टाची पायरी त्यांनी आयुष्यात कधी चढली नव्हती. ते धूळ ओढणारी मशिनं विकत. सुतारकामाचे कारखाने, फर्निचरवाले, प्लायवुड कापणारे, जिथे म्हणून करवत चालते आणि हवेत भुसा उडतो, तिथे वकीलसाहेब जाऊन उभे राहत, आणि तेही कडक इस्त्रीच्या काळ्या कोटात. छताचा पत्रा तापून कारखान्याची भट्टी झालेली असली तरी कोट अंगातून निघायचा नाही. पुतणीच्या लग्नातही तो घालून गेले, तेव्हा मुलाकडच्या एका गृहस्थांनी त्यांना बाजूला घेऊन भाडेकरू कसा काढावा याचा सल्ला विचारला. वकीलसाहेबांनी तो अगदी मन लावून दिला.

"अहो, निदान फी तरी घ्यायची," घरी आल्यावर बायको म्हणाली.

आता हा कोट त्यांच्या अंगावर चढला कसा, ते सांगायला हवं. धंद्यात नवे होते तेव्हा इतरांसारखेच तेही गिऱ्हाइकाकडे पाहून कपडे घालत. मोठी कंपनी असली की टाय, छोटं वर्कशॉप असलं की बाह्या दुमडलेला साधा शर्ट. एकदा क्रीम रंगाचा शर्ट आणि क्रीम रंगाची पँट घालून गेले. भुसा अंगावर दिसू नये आणि संध्याकाळपर्यंत आपण टापटीप राहावं, एवढाच हिशोब. करवतीच्या शेजारी उभं राहून धुळीनं काय काय नुकसान होतं यावर त्यांनी भरपूर तोंड वाजवलं. मालकानं सगळं ऐकून घेतलं, त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही एवढा वेळ इथे उभे आहात, मग कुठे आहे धूळ?"

वकीलसाहेबांनी खाली स्वतःकडे पाहिलं. अंगावर भुशाचा थर होता, पण क्रीम रंगावर तो दिसणार कसा? घरी येऊन शर्ट झटकला तेव्हा सगळी बैठकीची खोली शिंकायला लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काळा कोट शिवायला टाकला.

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरून गेली. आधी मशीन बंद ठेवून करवतीजवळ उभं राहायचं. बघता बघता कोट पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा व्हायचा. मग ब्रशनं कोट साफ करायचा, मशीन चालू करायचं आणि पुन्हा त्याच जागी उभं राहायचं. या खेपेला कोट काळाचा काळा. "बघा," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव मुळीच नव्हता, पण त्या वेळी ते जमवत.

नव्या विक्रेत्यांना मात्र ते बोलून बोलून बेजार करत. "टाय लावून करवतीवर वाकलास तर पुढची मीटिंग हॉस्पिटलात होईल." "बूट चकचकीत नकोत, दणकट हवेत, नाहीतर मालक तुला ऑफिसातच बसवून चहा पाजेल आणि करवतीपर्यंत जाऊच देणार नाही." एका पोरानं भरपूर सेंट मारला होता. त्याला त्यांनी कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवलं. या माणसाला स्वतःच्या पोशाखाचा गर्व होता, असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही.

पुढे कंपनीत नव्या मॅनेजरबाई आल्या. बाई हुशार, शब्दाच्या पक्क्या, आणि उगाच कुणाचं मन दुखवणाऱ्या नव्हत्या. पण त्यांच्या डोक्यात एक बेत होता. वकीलसाहेबांनी आता ऑफिसात बसावं, फोनवरून जुनी गिऱ्हाइकं सांभाळावीत. बाहेर तरुण मंडळी जातील आणि लॅपटॉपवर मशीनची फिल्म दाखवतील. खिडकीजवळची एक खुर्चीसुद्धा त्यांनी हेरून ठेवली होती. करवतीचा आवाज, लाकडाचा वास, मालकांशी घासाघीस, कामगारांशी थट्टामस्करी, हे सगळं सोडून खिडकीशी बसायचं म्हणजे वकीलसाहेबांच्या लेखी जिवंतपणी फोटो होऊन भिंतीवर लटकणं होतं.

"पुढच्या मीटिंगला मी तुमच्याबरोबर येते," बाई म्हणाल्या. "तुमची पद्धत आजही चालते का, ते एकदा बघू दे. मग ठरवू."

"अवश्य या, मॅडम," वकीलसाहेब म्हणाले. "फक्त पांढरं काही घालू नका."

गिऱ्हाईक मोठं होतं. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी टेबलं बनवणारा कारखाना. फोनवर वकीलसाहेबांनी काय कापता, असं विचारलं होतं. बोर्ड कापतो, असं उत्तर आलं. बोर्ड म्हणजे प्लायवुड, हे त्यांनी गृहीत धरलं. इतकी वर्षं ज्यानं बोर्ड म्हटलं त्यानं प्लायवुडच कापलेलं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी कोटाला स्वतः इस्त्री केली, आरशात पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

कारखान्यात शिरताच त्यांची नजर करवतीच्या टेबलावर गेली आणि पाय जागच्या जागी थांबले. टेबलावर बोर्ड होता, पण तो आरपार काळा. अॅसिड सांडलं तरी जळू नये म्हणून प्रयोगशाळेसाठी खास बनवलेला. करवत चालू होती आणि तिच्या पात्याजवळून काळी धूळ उडत होती. जमीन काळी, भिंती काळ्या, करवत चालवणाऱ्या मिस्त्रीच्या भुवयासुद्धा काळ्याभोर झालेल्या. वकीलसाहेबांनी आपल्या कोटाकडे पाहिलं. शेरभर धूळ अंगावर ओतली असती तरी त्यावर काही दिसलं नसतं. क्रीम कपड्यांचा तोच घोळ त्यांनी नव्यानं घालून ठेवला होता, फक्त रंग बदलून.

मालक मशीन बघायला पुढे आले. नमुन्याचं मशीन टेम्पोतून उतरवून करवतीला जोडलेलं होतं. तेवढ्यात मॅनेजरबाई वकीलसाहेबांच्या कानाशी आल्या.

"नशीब काढलंत," त्या हळूच म्हणाल्या. "काळ्यावर काळं दिसणारच नाही. मशीननं थोडीफार धूळ सोडली तरी तुमचा कोट स्वच्छच राहणार. चला, उभे राहा."

बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उभं राहायचं, "बघा" म्हणायचं, ऑर्डर घ्यायची आणि खिडकीजवळची ती खुर्ची कायमची टाळायची. सगळं ताटात वाढून ठेवल्यासारखं समोर होतं. वकीलसाहेब क्षणभर मोहात पडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "काहीच दिसणार नसेल, तर मग मी इथे उभा तरी कशाला राहू?"

आणि त्यांनी कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.

इथे अडचण अशी होती की कोटाच्या आत काय आहे, हे आजवर कुठल्याही गिऱ्हाइकानं पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे आतल्या शर्टाची काळजी वकीलसाहेबांनी कधी केलीच नव्हती. शर्ट पांढरा होता, धुतलेला होता, पण पाठीवर बरोब्बर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता. क्रिकेटची मॅच ऐकता ऐकता त्यांनीच तो उमटवलेला. "टाकून द्या तो शर्ट," म्हणून बायको कानीकपाळी ओरडत होती, आणि "वर कोट असतो ना!" हे यांचं उत्तर. ज्या माणसानं पोरांच्या बुटांच्या नाड्यांपर्यंत चुका काढल्या, तो आता आपल्या मॅनेजरसमोर आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकासमोर जळका शर्ट घालून उभा होता. लाजेनं त्यांचे कान तापले. मागे कामगारांत खसखस पिकली.

"मंडळी," वकीलसाहेब वळून म्हणाले, "पाठीवरचा डाग मशीन यायच्या आधीचा आहे. तो हिशोबात धरू नका. बाकी जे दिसेल ते माझं."

या खेपेला सगळेच मोकळेपणी हसले, मालकसुद्धा. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हाताची घडी घातली आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मशीन सुरू झालं. मिस्त्रीनं बोर्ड सरकवला, पातं किंचाळलं. वकीलसाहेब नेहमीसारखे ताठ उभे राहिले. थोड्या वेळानं करवत थांबली आणि सगळे जवळ आले. छाती पांढरी, पोट पांढरं, कॉलर पांढरी. पण उजव्या बाहीचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळं झालं होतं. मालकांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही धूळ माझ्या मशीननं सोडली," वकीलसाहेब म्हणाले. "लाकडाचा भुसा वर उडतो, म्हणून आम्ही मशीनचं धूळ ओढणारं तोंड वर बसवतो. तुमचा बोर्ड जड आहे, त्याची धूळ टेबलाला धरून पळते. तोंड खाली घ्यायला हवं. मी आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पाना आहे का कुणाकडे?"

पाना मिस्त्रीकडे होता. दोघांनी मिळून मशीनचं तोंड खाली आणलं, पाइप फिरवून घट्ट केला. वकीलसाहेब आता डावी बाही करवतीकडे करून उभे राहिले. पुन्हा पातं किंचाळलं, पुन्हा सगळे जवळ आले. बाही पांढरी होती. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर जुनं तेज परत आलं. "बघा," ते म्हणाले आणि नियमाप्रमाणे गप्प बसले.

पण मिस्त्री गप्प बसला नाही. तो हात पुसत म्हणाला, "साहेब, राग मानू नका. तुम्ही घटकाभर उभे राहिलात. मी दिवसभर उभा असतो. तो शर्ट मला द्या. सुट्टी होईपर्यंत मी तो घालून काम करतो. मग बघू."

वकीलसाहेबांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी मान हलवली. मागणी इतकी सरळ होती की नाही म्हणायला जागाच नव्हती. वकीलसाहेबांनी यंत्रामागे जाऊन शर्ट काढला, हात-तोंड धुऊन आलेल्या मिस्त्रीच्या हातात दिला आणि बनियनवर कोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली.

मग ते आणि मॅनेजरबाई मालकांच्या ऑफिसात जाऊन बसले. आयुष्यात कपड्यांवर इतकं प्रवचन केलेला माणूस सगळ्यात मोठ्या मीटिंगला बनियनवर बसला होता. पंखा फिरत होता, कोटाची कॉलर मानेला टोचत होती आणि मालक पुन्हा पुन्हा विचारत होते, "थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"अंगात थोडीशी कसर आहे," वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले.

मालक बाहेर गेल्यावर बाई म्हणाल्या, "मी तुमच्यावर चिडले होते. अजूनही थोडी चिडलेय. ऑर्डर हातातोंडाशी आली होती."

"खरंय, मॅडम."

"आणि ही गेली तर?"

"तर मी खिडकीजवळ बसतो," वकीलसाहेब म्हणाले. "आवडणार नाही. पण बसतो."

बोलले ते शांतपणे, पण त्यानंतर त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळातून हललं नाही. बाहेर करवत थांबली की त्यांचा श्वास थांबायचा, पुन्हा सुरू झाली की सुटायचा. उन्हं कलली. शेवटी भोंगा झाला.

मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. मालकांनी त्याला दिव्याखाली नेलं, बाह्या पाहिल्या, कॉलर उलटी करून पाहिली, पाठ पाहिली. उजव्या बाहीवरचा सकाळचा काळा डाग सोडला तर बाह्यांच्या कडा तेवढ्या राखाडी झाल्या होत्या. बाकी शर्ट पांढरा होता आणि पाठीवर इस्त्रीचा डाग ठसठशीत दिसत होता.

"प्रत्येक करवतीला एक बसवा," मालक म्हणाले.

वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. आनंदानं कोट काढून नाचावंसं वाटलं, पण आत काय आहे ते आठवलं. फाटकाकडे चालता चालता मॅनेजरबाई सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "सोमवारी कुणाकडे जाताय? गिऱ्हाइकाला आधी फोन करून रंग विचारा म्हणजे झालं." खुर्चीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि पुढेही कधी काढला नाही.

फाटकाशी मागून हाक आली. मिस्त्री धावत येत होता. शर्ट अजून त्याच्या अंगावरच होता.

"साहेब, हा शर्ट उद्या दिला तर चालेल?"

"अहो, धुऊन वगैरे द्यायची काही गरज नाही."

"धुवायचा नाहीच मला." मिस्त्री जरा अडखळला. "घरी गेलो की मी मागच्या दारानं थेट न्हाणीघरात जातो. आंघोळ होईपर्यंत मुलीला जवळ येऊ देत नाही. ती दारात उभी राहून वाट बघते. आज पुढच्या दारानं जातो म्हणतो. आधी तिला उचलून घेतो."

वकीलसाहेबांनी पुढे होऊन मिस्त्रीच्या शर्टाची दुमडलेली कॉलर तेवढी सरळ केली.