आत काय बोललीस

मधली सुट्टी होती. सगळे गुरुजी डबे खात बसले होते आणि मी दारात हाकेची वाट बघत उभी होते. मुख्याध्यापकांनी माझा रजेचा अर्ज मोठ्यानं वाचला.

"समुपदेशनासाठी हिंगोलीला जायचे असल्याने एक दिवसाची रजा मिळावी."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुमच्या लोकांना मन कधीपासून असायला लागलं?"

दोघं-तिघं हसले. बाकीचे जेवत राहिले. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, हे तिथं कोणालाच विचारावं लागलं न्हाई. माझा पेला बाहेर व्हरांड्यात, खिडकीत असतो. बारा वर्षं झाली.

कळमनुरी तालुक्यातली ही शाळा. मी शिपाई. नवरा वारला, त्याच्या जागेवर लागले. मुख्याध्यापक सरांच्या टेबलावरची घंटी वाजली की पळायचं. पुढं पुढं घरी शेजारच्या देवघरात घंटी वाजली तरी मी जेवणावरून उठायला लागले. झोप गेली. छाती धडधडायची. सरकारी दवाखान्यात तपासलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बराबर आहे, समुपदेशकाकडं जा.

रजा मिळाली. उपकार केल्यासारखी.

एसटीनं हिंगोलीला गेले. वाटत होतं, शॉक देतील. वेडी ठरवतील, नोकरी जाईल. खोलीत एक तरुण मॅडम होत्या. मी उभीच राहिले.

"बसा. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

मी नाव सांगितलं. शाळेत मला ते कोणी विचारलंच न्हवतं.

त्या म्हणाल्या, "मी गोळ्या देत नाही. लागल्याच तर तुम्हाला विचारून डॉक्टरांकडे पाठवीन. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच मला सांगावं लागेल. एका दिवसात हलकं वाटणार नाही. सुरुवातीला कदाचित जास्तच जड जाईल. आणि माझ्याशी जमलं नाही तर तसं सांगा, दुसऱ्या कोणाकडे जाता येईल."

"आज मला बोलायचं न्हाई," मी म्हणले.

"चालेल."

मग पंख्याकडं बघतच पेल्याचं सांगितलं. रडू आलं न्हाई. राग आला, आणि त्या रागाचीच भीती वाटली. परत येताना अंग गळून गेलं होतं. पुढचे दोन दिवस आणखी वाईट गेले.

तिसऱ्या खेपेनंतर सरांनी ऑफिसात बोलावलं. क्लार्क समोरच होता.

"आत काय बोललीस? शाळेचं नाव घेतलंस का?"

"ते सांगणार न्हाई, सर."

"काहून?"

"ते माझं हाये."

"मग यापुढं रजा मिळणार न्हाई."

मी पुढचा अर्ज टेबलावर ठेवला.

"रजा हक्काची हाये. नाकारायची तर कागदावर लिहून द्या."

क्लार्कनं मान खाली घातली. सरांनी लिहून दिलं न्हाई.

मी बरी झाले न्हाई. झोप अजून तुटक येते. घंटीला अजून दचकते. थकले आहे, आणि हा थकवा लवकर जायचा न्हाई, हेही कळलंय. तरी एकाआड एक गुरुवारी मी जाणार. अर्जावर ताप, लग्न, पाहुणे असलं खोटं लिहिणार न्हाई. आत काय बोलले, ते कोणाच्या दरडावण्यानं बाहेर येणार न्हाई. ज्या दिवशी मला वाटेल, त्या दिवशी मीच सांगेन. सगळ्यांसमोर. नावं घेऊन.