माइकबाईचे उतारे

बसस्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या दुनियेला तिचा आवाज ठाऊक होता, तोंड मात्र कुणी निरखून पाहिलेलं नव्हतं. फलाटांच्या टोकाला, चौकशीच्या खिडकीमागे एक काचेची खोली. खोलीत टेबल, त्यावर माइक, फिरण्यापेक्षा कुरकुरच जास्त करणारा पंखा आणि ती. ड्रायव्हरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला माइकबाई म्हणत. लग्नात मिळालेलं नाव बहुधा पगाराच्या दिवशी तिला स्वतःलाच आठवत असावं.

गाडी वेळेवर आली, उशिरा आली, वाटेत बंद पडली किंवा पार रद्दच झाली, तरी माइकबाईचा आवाज एकच. इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट. नोकरीला लागली तेव्हा जुन्या साहेबांनी तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, कागद आधी नीट डोळ्यांखालून घालायचा, पेन्सिलीनं खुणा करायच्या, पुढे काय आहे ते आपल्याला आधीच माहीत पाहिजे, आणि मगच बटण दाबायचं. दुसरी, बातमी वाईट असली तर ती आवाजात उतरू द्यायची नाही. आवाज जरा हलला की लोक खिडकीवर तुटून पडतात आणि आपला जीव नकोसा करतात. माइकबाईनं दोन्ही गोष्टी गाठीला बांधल्या होत्या. सूचना इंग्रजीतही द्यावी लागे, तीही ती फाडफाड वाचून मोकळी होई. वाचलेलं तिला कितपत कळतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन असले विषय उकरून काढायला ती काही खुळी नव्हती.

घरी एकुलती एक लेक. हाक मारायला चिमणी, उंचीनं मात्र आईच्या डोक्यावरून जाणारी, आणि तोंडाची अशी फटकळ की बापाचीही बोलती बंद करावी. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. उठलेल्या ठिपक्यांच्या पुस्तकांवर बोटं फिरवत तिनं शाळा पुरी केली आणि इतिहासात तर साऱ्या वर्गाला मागे टाकलं. आता तिला विद्यापीठात जाऊन इतिहासच शिकायचा होता. तिच्यासारख्यांसाठी तिथे राखून ठेवलेली जागा एकच, जागेबरोबर वसतिगृहाची खोली, आणि खोलीबरोबर ठिपक्यांच्या पुस्तकांची अख्खी लायब्ररी. प्रवेशपरीक्षेत आडवा येणार होता तो इंग्रजीचा पेपर. लांबलचक उतारे, प्रत्येकाखाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. परीक्षेत वाचून दाखवायला केंद्राकडून माणूस मिळे, घरचं माणूस चालत नसे.

माइकबाईच्या मनात मात्र लायब्ररीपेक्षा वेगळीच गोष्ट ठाण मांडून बसली होती. आपण गेल्यावर हिला वाचून कोण दाखवणार? हा प्रश्न चिमणी पाळण्यात होती तेव्हापासून तिचं काळीज कुरतडत होता. एकदा ही मुलगी त्या लायब्ररीत पोचली की तिला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. मग आपण डोळे मिटायला मोकळ्या, असं तिला अगदी खरंच वाटे.

सरावाची पुस्तकं ठिपक्यांत मिळत नव्हती. तेव्हा वाचायचं काम आपसूक आईकडे आलं. दुपारची पाळी सुटली की माइकबाई घरी येऊन पाय धुई, चहा टाकी आणि पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसे. वाचायच्या आधी, कामावरच्या शिस्तीप्रमाणे, पुस्तकाच्या शेवटची उत्तरं बघून ती बरोबर पर्यायांवर पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवी. लेकीनं उत्तर दिलं की लगेच बरोबर की चूक ते सांगता यावं, पानं उलटण्यात वेळ जाऊ नये, इतकाच त्यात हेतू. आणि मग वाचन सुरू. हिमनद्या, मधमाश्या, जुन्या शहरांची गटारं, काय वाटेल ते. माइकबाईला त्यातलं निम्मं कळत नसे, पण ती अडखळत नसे. चिमणी मान जराशी कलती करून ऐके आणि उत्तर देई.

सुरुवातीला दहातले चार बरोबर येत. मग सहा. पुढे पुढे आठ-नऊच्या खाली गोष्टच नाही. लेखकाचा सूर कसा आहे, आशेचा की उपरोधाचा, अशा प्रश्नांवर तर चांगली चांगली मुलं गटांगळ्या खातात म्हणे, चिमणी तिथे कधी चुकली नाही. आईचा ऊर भरून येई. चिमणीचे बाबा स्टँडच्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. बोलायला मुखदुर्बळ माणूस, पण लेकीचे मार्क ऐकल्यापासून त्यांना कंठ फुटला होता. गाडीखाली झोपल्या झोपल्या ते मदतनिसांना सांगत, आमची चिमणी इंग्रजी अशी पितेय जसं काही पाणी. निकालाच्या दिवशी अख्ख्या वर्कशॉपला चहा-बिस्किटं द्यायचंही त्यांनी कबूल करून टाकलं होतं.

शाळेतल्या बाईंना गुण ऐकून आनंद झाला, पण त्यांनी एक सुचवलं. परीक्षेत अनोळखी माणूस वाचणार, तेव्हा मधूनमधून दुसऱ्या कुणाचं तरी वाचन ऐकायची सवय करा. स्टँडवर एक तरुण कंडक्टरीण होती, चांगली पदवीधर. ती आनंदानं तयार झाली. सुट्टीच्या दिवशी आली, स्वतःचं कोरं पुस्तक घेऊन, आणि छान स्वच्छ वाचलं. चिमणीचे दहातले तीन आले. पुढच्या खेपेला दोन.

माइकबाईनं सगळं खापर कंडक्टरणीवर फोडलं. तिकिटं फाडल्यासारखी वाचते, मुलीला श्वास घ्यायला फुरसत देत नाही, असं तिनं नवऱ्याला ठासून सांगितलं. कंडक्टरणीला मात्र तोंडावर म्हणाली, दमलीस गं, ये पुढच्या वेळी सावकाश. आणि पुढची वेळ येऊच दिली नाही. संध्याकाळी स्वतः दोन उतारे वाचले, चिमणीचे नऊ आले आणि घरातलं वातावरण निवळलं.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली तोवर पुस्तक संपलं होतं. माइकबाईनं रद्दीच्या दुकानातून दुसरं आणलं. घरी येऊन बघते तो शेवटची पानं गायब, उत्तरं कुठेच नाहीत. असू दे, ती मनाशी म्हणाली, आज नुसतं वाचू, उत्तरं नंतर कुणालातरी विचारू. नेहमीच्या जागी बसली आणि समुद्राच्या पाण्यावरचा एक उतारा वाचला. प्रश्न वाचला. चारही पर्याय वाचले.

परत वाच, चिमणी म्हणाली. माइकबाईनं परत वाचलं. आणखी एकदा वाच. तिनं वाचलं. चिमणीच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, अंधारात जिन्याची पायरी शोधावी तशी ती काहीतरी शोधत होती.

"आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? का गं?"

"आज तू काही सांगतच नाहीयेस."

"सांगू काय? वाचतेय की मघापासून."

"तसं नाही. रोज बरोबर पर्याय आला की तुझा आवाज जरा खाली बसतो. जिना संपल्यावर पाय टेकतो ना, तसा. आज चारही सारखेच लागतायत." मग अगदी साधेपणानं म्हणाली, "मला वाटायचं, बरोबर उत्तर तसंच ऐकू येतं. सगळ्यांनाच."

माइकबाईनं घाईघाईनं जुनं पुस्तक काढलं, चिमणीनं मागे कधीतरी दहापैकी दहा मिळवलेला उतारा शोधला आणि या वेळी स्टँडवरच्या आवाजात वाचला, एकाही शब्दाला उंच-खाली न करता. दहातले दोन बरोबर आले. ते दोनही चिमणीनं अंदाजानं ठोकलेले होते. मग तिनं विचारलं, बाळा, उताऱ्यात काय होतं ते तुझ्या शब्दांत सांग बघू. चिमणीनं प्रयत्न केला. कुठलंतरी गाव होतं. पाणी होतं बहुतेक. पुढे काय झालं, ते तिला सांगता येईना.

"मी उतारा ऐकतच नव्हते गं," ती हळूच म्हणाली. "मी तुझी वाट बघायचे, पर्यायांपर्यंत."

आणि तेव्हा माइकबाईला कळलं, की हा उतारा लेकीला समजावून सांगावा म्हटलं तर आपल्यालाही तो कुठे समजलाय. इतके दिवस दोघी मिळून एक पुस्तक वाचत होत्या आणि त्यातलं एक अक्षर दोघींच्याही पोटात गेलं नव्हतं. ज्या मुलीला आपल्या आवाजापासून सोडवायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, तिला आपणच त्या आवाजाला बांधून ठेवलं. तिला स्वतःच्या जिभेची किळस आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते आवाजात येऊ नये म्हणून ती तोंड दाबून बसली होती.

"रडू नकोस," चिमणी म्हणाली. तिच्यापासून काही लपवायची सोयच नव्हती. "मला इंग्रजी येतच नव्हतं, आई. मला तू येत होतीस."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. माइकबाई कंडक्टरणीकडे जाऊन नाक मुठीत धरून बसली, मागचं सगळं कबूल केलं, आणि ती भली पोर मनात काही न ठेवता रोज येऊ लागली. ती वाचायला बसली की माइकबाई स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेई, उगीच आपला श्वाससुद्धा लेकीच्या कानावर जायला नको. दाराआडून तिला ऐकू येई, परत वाचा ना, परत वाचा ना. एखाद्या दिवशी चार बरोबर येत, दुसऱ्या दिवशी एक. बरोबर आलेल्या उत्तरावरही आता चिमणीचा विश्वास बसत नसे. इतिहासाचे धडे तिला मुखोद्गत होते, तिथेही ती चाचरू लागली. माझं जे काही मला येतं असं वाटतं, ते खरंच येतं का, असं तिनं एकदा जेवताना विचारलं. त्यावर माइकबाईनं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

चिमणीच्या बाबांना दोघींनीही काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? ते आपले वर्कशॉपमध्ये छाती फुगवून फिरत होते.

परीक्षेच्या दिवशी माइकबाई केंद्राबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. वाचायला आलेला माणूस तरुण होता, अदबशीर होता, चिमणीचा हात धरून तिला आत घेऊन गेला. चिमणी बाहेर आली आणि आधी पाणी प्यायली.

"कसं वाचलं त्यानं?" माइकबाईनं विचारलं.

"चांगलं वाचलं. अगदी सरळ." मग आईचा दंड धरत, "त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, आई."

महिन्याभरानं निकालाचा दिवस उजाडला. निकाल दुपारी लागणार होता. माइकबाईची पाळी होती. चिमणी काचेच्या खोलीत तिच्याशेजारी स्टुलावर येऊन बसली, लहानपणी बसायची तशी. निकाल काहीही असो, आपला आवाज हलू द्यायचा नाही, असं माइकबाईनं सकाळीच पक्कं केलं होतं. मुलीला कळायचंच असेल तर शब्दांवरून कळू दे, आपल्या आवाजावरून नको. एवढं तरी आपल्याला जमलं पाहिजे.

फोनवर पान उघडलं. ते तिनं आधी डोळ्यांखालून घातलं. घसा साफ केला.

"इतिहास, चांगले आहेत, सगळ्यांत वर," ती म्हणाली. "सामान्य ज्ञान, पास. इंग्रजी..."

"थांब," चिमणी म्हणाली. "हा स्टँडवरचा आवाज आहे."

"अगं, वाचू तर दे पुढचं."

"गाडी रद्द. एवढंच ना?"

माइकबाईनं फोन पालथा ठेवला. लेकीच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून तिनं तो उचलला, आणि त्याच क्षणी खिडकीतून चिठ्ठी आत आली. चार नंबरच्या फलाटावर गाडी लागली होती, वेळेवर, सुटायला तयार. सूचना द्यायलाच हवी होती. माइकबाईनं चिठ्ठी समोर धरली, बटण दाबलं आणि हजारदा म्हटलेली वाक्यं म्हणायला सुरुवात केली. गाडीचं नाव निघालं. फलाटाचा नंबर सांगताना आवाज फाटला आणि जमिनीवर आला तो पुन्हा उठेना. साऱ्या स्टँडभर भोंग्यांतून तो तसाच वाजत राहिला. शेवटी चिमणीनं टेबल चाचपडत बटण शोधलं आणि बंद केलं.

बाहेर धावपळ उडाली. माणसं सामान टाकून खिडकीवर तुटून पडली. काय झालं, कुठे अपघात झाला का, गाडी रद्द झाली का, आमची कुठली गाडी. कुणी काच वाजवू लागलं. फलाटावर गाडी उभी होती, धडधाकट, इंजिन चालू, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

त्या गर्दीच्या डोक्यांवरून माइकबाईला पलीकडचं आवार दिसत होतं. चिमणीचे बाबा वर्कशॉपमधून निघाले होते, लगबगीनं, फडक्याला हात पुसत, आणि मागे दोघं मदतनीस चहाची किटली घेऊन. निम्म्या वाटेवर ते थांबले होते. त्यांनी मान वर करून खांबावरच्या गप्प झालेल्या भोंग्याकडे पाहिलं.

"बाबा येतायत का?" चिमणीनं विचारलं.

माइकबाईनं तोंड उघडलं, पण आता कुठल्या आवाजात सांगावं ते तिला कळेना. आवारात चिमणीच्या बाबांनी मदतनिसांना हातानंच मागे फिरवलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि तेही वर्कशॉपकडे परत चालू लागले.